नऊपैकी नऊ

छापलेला कागद नाचवत गुणवंत परीक्षेच्या खोलीत शिरला. "मोहिद्दीनभाई, हे काय करून ठेवलंत? कॅप्टन विचारतोय, हा नऊपैकी नऊवाला मुलगा कोण!"

वैमानिक निवडायच्या यंत्रापाशी मोहिद्दीन उभा होता. अबुधाबीच्या त्या हवाई तळावर तो टेक्निशियन, मूळचा रत्नागिरीचा; गुणवंत त्याच्या कंपनीचा सुपरवायझर. रोज सकाळी उमेदवार यायच्या आधी यंत्र एक मिनिट चालवून बघायचं, एवढंच मोहिद्दीनचं काम. दांडा आणि पेडल हलवत पडद्यावरचा ठिपका फुलीवर धरायचा, कानात आकडे येतील त्यांची बेरीज करत राहायची. आठ वर्षं तो मिनिटाभरात उठत आला होता. पण आपण बसलो असतो तर पास झालो असतो का, हा किडा डोक्यातून जाईना. आज भल्या माणसाने अर्धा तास बसून अख्खी परीक्षा दिली, आणि प्रिंटर परीक्षा घेणाऱ्या अरब कॅप्टनच्या टेबलावर आहे हेच विसरला.

"रजिस्टरमध्ये लिहा, मशीन बिघडलंय, मार्क चुकीचे येतायत," गुणवंत घाईघाईने म्हणाला. "नाहीतर गेटपास काढून घेतील. नोकरी खलास! मुलं शिकतायत ना तुमची?"

मोहिद्दीनने पेन उघडलं. एक ओळ लिहिली की सुटका होती. पण मग ते नऊही खोटे ठरणार होते, आणि उभ्या जन्मात असं काही त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. त्याचा जीव होईना.

"मशीनला काही झालेलं नाही, साहेब," तो म्हणाला, आणि तसंच लिहून त्याने सही केली. गुणवंतने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात कॅप्टनच आत आला. त्याने रजिस्टर वाचलं, मग मोहिद्दीनचा चष्मा आणि पिकलेली दाढी न्याहाळली.

"तुम?"

"जी सर. गलती हो गई."

"उमर?"

"तैंतालीस."

कॅप्टनने गुणवंतच्या हातातला कागद घेऊन मार्क पुन्हा वाचले. मग आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "यल्ला, चलो, बैठो. फिर से करो. मैं देखेगा."

बाहेर चोवीस उमेदवार ताटकळले होते. कॅप्टनने दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून तो शेजारी बसला. सकाळी फुलीवरून जराही न हललेला ठिपका आता मोहिद्दीनला फुलीवर धरता येईना.