तळघरातल्या माणसासाठी

"इक्विपमेंट लिहू का?" मुलीने विचारलं.

म्हातारा घरचे कपडे घालून खाटेवर पाय सोडून बसला होता. अकरा दिवस त्याच्या छातीत हवा भरली ती कोपऱ्यातल्या श्वासाच्या यंत्राने. आज त्याला घरी सोडणार होते. डॉक्टरांचे आभार मानून झाले, नर्सबाईंचे झाले. राहिला होता तो दुरुस्तीवाला. तोंडात नळी होती तेव्हा म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. रोज दुपारी तो यायचा, यंत्राला कान लावायचा, एखादा स्क्रू पिळायचा आणि कुणाशी न बोलता निघून जायचा. त्याला दोन शब्द पोचवल्याशिवाय म्हातारा जागचा हलणार नव्हता. बाकी काहीही बिघडो, त्याचा हट्ट मात्र ठणठणीत होता.

अभिप्रायाचा कागद इंग्रजीतच भरायचा होता. मुलगी पेन चावत बसली. "इक्विपमेंटमध्ये खाटा, स्टँड, सगळंच आलं. डिव्हाइस म्हणजे हातात मावेल असं काहीतरी. अ‍ॅपरेटस म्हटलं की शाळेची प्रयोगशाळा आठवते."

"जे ऐन वेळी बिघडतं ते मशीन," म्हातारा म्हणाला. छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली होती. "त्यात एवढा विचार कसला?"

नर्सबाई हसल्या. "मशीनच लिहा. इक्विपमेंट लिहिलंत तर कागद भांडारात धूळ खात पडेल. मशीन दिसलं की थेट तळघरात जातो, त्याच्याकडे."

मुलीने लिहिलं. कागद खाली गेला.

अर्ध्या तासात दुरुस्तीवाला धापा टाकत दारात हजर. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात न वाचलेला तो कागद.

"काय बिघडलं? कालच तर तपासलं होतं मी!"

"काही बिघडलेलं नाही," म्हातारा म्हणाला. "अरे, आधी वाच तरी."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग पिशवी खाली ठेवली.

"मशीन लिहिलेला कागद आला की तक्रारच असते," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली मला इथे, आभाराचा कागद हा पहिलाच."

"ठाऊक आहे रे मला," म्हातारा म्हणाला. "छापखान्यात माझंही तेच होतं."

दुरुस्तीवाला कागदाची घडी घालायला गेला आणि थांबला. "हा ऑफिसात परत द्यावा लागतो. ताई, मला एक वेगळा लिहून द्याल? आईला दाखवीन म्हणतो. तिला इंग्रजी येत नाही, आपल्या भाषेतच लिहा."

मुलीने वहीचं पान फाडलं. "बाबा, मशीनला आता काय लिहू? यंत्र?"

"त्याचं नावच काढू नकोस," म्हातारा म्हणाला. "लिही, 'बाई, तुमच्या लेकाने मला जगवलं.'"