विहीणबाईंच्या तपासण्या

"आज आईंची अकराची वेळ आहे. मी त्यांना दवाखान्याच्या फाटकाशी सोडून पुढे कामावर जातो," असं म्हणत मुलगा गाडीची किल्ली शोधू लागला, आणि बाईंनी चहाचा कप जरा जोरातच बशीत आपटला.

बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. मुलगा सासूबद्दल बोलताना 'आईंची' म्हणतो आणि स्वतःच्या आईबद्दल 'आईची', हा एका अनुस्वाराचा जास्तीचा मान त्यांच्या कानाला रोज टोचायचा. तो अनुस्वार मुलाला त्यांनीच शिकवला होता, म्हणून तर जास्तच.

विहीणबाई पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, त्यांच्या घराच्या फरशीचं काम होईपर्यंत. फरशी कधीच बसली. विहीणबाई काही उठल्या नाहीत. जन्म शिवणकामात गेलेला. आल्या आल्या त्यांनी जावयाच्या शर्टांची बटणं लावली, पडदे आखूड केले, नातीचा गणवेश उसवून मोठा केला. घर खूश. बाईंच्या मात्र पोटात दुखायला लागलं.

आणि आता हा दवाखाना. साठीपुढच्या बायकांसाठी नवीनच निघालेला. विहीणबाईंनी एका सकाळी जाहीर केलं, "माझ्या सगळ्या तपासण्या करून घ्यायच्यात," आणि मुलगा लगेच तयार! सख्ख्या आईला चष्म्याचा नंबर बदलून आणायला याला दोन महिने लागले होते.

बाईंना दवाखान्याचं नावही नको होतं. त्याला कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळी जाऊन सतरा वर्षं झालेली, आणि गेले चार महिने मधूनच कपड्यांना डाग लागत होता. थोरली बहीण असंच लपवता लपवता गेली होती. बाई भल्या पहाटे उठून आपले कपडे आपणच धुवायच्या. भीती वाटायची, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. एवढ्या वयात सुनेला काय सांगायचं, आणि मुलाला तर काय सांगायचं?

एकदाच घोटाळा झाला. न्हाणीघराच्या दारात विहीणबाई समोर उभ्या. "द्या, मी वाळत घालते," म्हणत त्यांनी बादलीला हातही घातला. बाईंनी ती हिसकावून घेतली.

"काही त्रास आहे का तुम्हाला?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"मला? मला कधी साधा तापसुद्धा येत नाही. तुमच्यासारखी नाजूक नाही मी."

विहीणबाई दारातून बाजूला झाल्या. पुढच्याच गुरुवारपासून त्यांचा दवाखाना सुरू झाला.

दर गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याचं साग्रसंगीत वर्णन. "आज हाडं मोजली. झोपून राहायचं नुसतं." पुढच्या गुरुवारी, "आज पोटाची सोनोग्राफी. डॉक्टर बाईच आहे हो, पडदा ओढून घेते. इतकी गोड बोलते, की आपण लाजायचंच विसरतो." हे सगळं जावयाला सांगायचं, पण तोंड बाईंकडे करून. मुद्दाम जळवायला, दुसरं काय! रिपोर्ट मात्र कधी दाखवले नाहीत. दवाखान्यातच ठेवतात म्हणे.

"आणि काय निघालं?" बाईंनी एकदा न राहवून विचारलं.

"अजून तपासण्या संपायच्यात," विहीणबाई म्हणाल्या.

पाचव्या गुरुवारी मुलगा म्हणाला, "आई, तुझं बरं आहे. तुला डॉक्टर लागतच नाही. मला आईंचीच काळजी वाटते."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री त्या रडल्या, आणि ते भीतीने की रागाने, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. यांची काळजी! बटणं लावणारीची काळजी, आणि जिला खरंच काही झालंय तिचं बरं आहे!

सोमवारी घरातून सगळे बाहेर पडताच बाईंनी इस्त्रीची साडी नेसली, रिक्षा केली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंच्या समोर बसून त्या ठसक्यात म्हणाल्या, "आमच्या विहीणबाई दर गुरुवारी येतात ना तुमच्याकडे? त्यांच्या जेवढ्या तपासण्या केल्यात तेवढ्या सगळ्या माझ्या करा. एकही कमी नको."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून पडदा ओढला. "करू या. आधी सांगा, काही त्रास?"

बाईंनी तोंड उघडलं ते 'काही नाही' म्हणायला. पण शब्द बाहेर पडले ते डागाचे, चार महिन्यांचे, थोरल्या बहिणीचे. एकदा सुरू झाल्या त्या थांबेचनात.

तासाभराने सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला गेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "अस्तर जाड झालंय. नेमकं काय ते रिपोर्ट आला की कळेल. कदाचित पिशवी काढावी लागेल. पण काहीही निघालं तरी उपाय करता येईल अशा वेळी आलात. अजून वर्षभर अंगावर काढलं असतं तर मी हे बोलू शकले नसते."

बाईंनी पदराने डोळे पुसले. सुटल्यासारखं वाटत होतं. तरीही मनातला सल काही जाईना. उठता उठता त्यांनी विचारलंच, "आणि आमच्या विहीणबाईंचं काय निघालं? एवढ्या पाच गुरुवारच्या तपासण्या!"

"त्यांचं?" डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यांची तर आम्ही अजून एकही तपासणी केलेली नाही. गुरुवारी येतात, बाहेर बाकावर तासभर बसतात, आणि जाताना दारातून एवढंच विचारतात, 'आमच्या विहीणबाई आल्या होत्या का हो?'"