हिलालचा जबाब

मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना आठवडा झाला होता. विहिरींना सुरुंग लावणाऱ्या हिलालच्या पिशवीत साक्रीच्या बाजारात पोलिसांना जिलेटीनच्या कांड्या सापडल्या. परवानाही त्याच पिशवीत होता, पण तो कोणी उघडून पाहिला नाही. टाडा लागला की मोठ्या साहेबांपुढे दिलेला जबाबच कोर्टात पुरावा ठरतो, त्यामुळे आता फक्त हिलालने बोलणं बाकी होतं.

तीन दिवस ठाण्यात त्याच्या तळपायांवर पट्टा चालला. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. शेवटी जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी पाण्याने भरलेला तांब्या त्याच्यासमोर ठेवला.

"कुठे कुठे स्फोट केलेस ते सांग, मग पी."

"बठ्ठं सांगस साहेब. पन त्या तर विहिरी शेतस..."

"फक्त गावांची नावं सांग!" पट्टा पुन्हा बसला.

हिलालने सोळा गावं सांगितली. साहेबांनी सोळाही लिहून घेतली.

"अजून?"

"आते एकच, साहेब. या तांब्यामा जिनं पानी शे, ती ठाण्यामांगली विहीर. तिले बी मीच सुरुंग लावा."

हवालदार आधारभाऊंनी मान खाली घातली. त्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा नारळ त्यांनीच फोडला होता.



साहेबांनी लिहिलं : 'सतरावा स्फोट, पोलीस ठाण्याच्या आवारात.'