बर्फाचा ट्रे

आई गेल्यावर महिन्याभरात भावांनी घर विकायला काढलं. जाहिरातीच्या फोटोंच्या दिवशी तिचा पलंग हलवला, पण सहा वर्षांत त्याच्या पायांनी गालिच्यात पाडलेले चार खळगे तसेच राहिले. “आजारपण दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं,” घर सजवायला आलेल्या बाई म्हणाल्या. “ताई, बर्फ आहे?” मी ट्रे आणला. आईला पाणी गिळवेना तेव्हा ओठांवर फिरवण्यासाठी केलेला बर्फ अजून त्यात होता. बाईंनी प्रत्येक खळग्यात खडा ठेवला. वितळल्यावर ओली लव जेवणाच्या काट्याने विंचरली. फोटोवाल्याचा दुसरा चहा संपेपर्यंत पलंगाचा मागमूस उरला नाही. मला काहीच वाटलं नाही. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. “शेजारी अजून चार आहेत की! लहान, पण जास्त खोल. हे कशाचे?” “माझ्या स्टुलाचे,” मी म्हणाले आणि ट्रे पिळून उरलेले खडे काढले.