मॉनिटरची बाजू

ह्यांचं घरून काम संपलं आणि जुना लॅपटॉप, मोठा मॉनिटर माझ्या वाट्याला आले. मी मॉनिटर लॅपटॉपच्या उजवीकडे ठेवून केबल जोडली. चित्र आलं, पण माउसचा बाण उजव्या कडेला अडायचा. डावीकडे नेला, तर चक्क मॉनिटरवर उगवला!

मी ह्यांना ऑफिसात फोन लावला.

"मी तो डावीकडे ठेवायचो. लॅपटॉपच्या तेच लक्षात आहे."

"डावीकडे? तिथे तर ऊन येतं स्क्रीनवर!"

"ठेवून तर बघ."

ठेवला आणि ह्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले. झाकलेली उजवी बाजू मोकळी झाली. थेट स्वयंपाकघरातला ओटा दिसला. तिथेच पोळ्या लाटताना मी रोज ओरडायचे, "त्या डबड्यातून डोकं काढून कधीतरी माझ्याकडे बघा!"

"दिसतोय का ओटा?" फोनवर ह्यांनी हळूच विचारलं.