तळाचा प्राणवायू

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात हेब्बाळच्या तळ्याचं वरचं तापलेलं पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नव्हतं. तळाशी प्राणवायू नाही, तिथे काही जगत नाही, हे रत्नाकरने आज दाखवलं नाही तर त्याची संशोधकाची नोकरी गेलीच.

नावेतून दोरीने सोडलेली नमुन्याची बाटली तळाला टेकली की दोरीला हिसका द्यायचा. बूच निघतं, पाणी भरतं. पण दर खेपेला बाटली बूच लावलेलीच वर यायची, आतून कोरडी ठक्क!

"बसवंतअण्णा, बूच किती ठोकता हो?"

"स्वल्पच लावलंय की साहेब," नावाडी म्हणाला.

"डोंबलाचं स्वल्प!" रत्नाकरने बूच खिशात कोंबलं आणि बाटली उघडीच सोडली.

वर आली ती रिकामी. आणि बुचासकट. खिशातलं बूच खिशातच होतं.

काचेला आतून वाफ धरली होती; कुणी श्वास घेत असल्यासारखी विरायची, पुन्हा दाटायची.

"आता प्राणवायू किती आहे म्हणून सांगू?" रत्नाकर करवादला.

"स्वल्प."

बसवंतअण्णांचं तोंड तर मिटलेलं होतं.