पुलावरची कंदीलवाली

"हा खेळ या घरात येणार नाही," बायको म्हणाली आणि मिठाच्या कोमट पाण्याचा पेला घेऊन गुळण्या करायला निघून गेली.

चष्मेवाला जाहिरातीचा कागद हातात धरून तसाच बसून राहिला. कागदावर तुटका पूल होता, धूर होता आणि पाठमोरा बंदूकवाला. त्या चित्राभोवती त्याच्या लेकीने पेनाने गोल काढला होता.

लेक अकरा वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणत, कारण पायरीवर मुंग्यांची रांग दिसली की ही बया शाळेला उशीर करील, पण रांग ओलांडणार नाही. आणि अशा पोरीला वाढदिवसाला सायकल नको होती, पडद्यावरचा बंदुकीचा खेळ हवा होता.

"कशाला गं तुला हा?" त्याने विचारलं.

"मैत्रिणीकडे आहे."

"मग तिच्याकडेच खेळ की."

"तिच्याकडे मला बघवत नाही."

"बघवत नाही आणि विकत घ्यायचा? हे काय त्रांगडं?"

"घरी वेगळं असेल, बाबा," मुंगी म्हणाली.

दिवसभर तो गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलायचा आणि विचारायचा, "आता बरं दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" आज त्याला स्वतःला कुठल्याच भिंगातून काही दिसत नव्हतं. बायको एवढी हट्टी कधीच नव्हती. लेकही नव्हती. दोघी एकाच खेळापायी अडून बसल्या होत्या, आणि कारण एकीलाही सांगता येत नव्हतं.

आजी खिडकीशी पाय पसरून बसली होती. तिला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अरे, तू लहानपणी खाटेची पट्टी उपसून तलवार केली होतीस," ती लेकाला म्हणाली. "शेजारणीच्या कोंबड्यांनी धसका घेऊन अंडी देणं सोडलं होतं. झालास का दरोडेखोर? भिंगंच घासतोयस ना? संध्याकाळी तुम्ही पोरं अंगणात मरून पडायचात. मी जेवायला हाक मारली की सगळी मढी उठून, हात धुऊन पानावर बसायची. कसे दिवस होते ते!"

"त्या खेळातली मढी हसत होती," बायको दारातून म्हणाली.

"आणि यातली?"

"यातली हसत नाहीत."

"तुला गं काय ठाऊक? तू कधी बघितलास?"

टेबल स्वच्छ होतं, तरी बायको ते फडक्याने पुसत राहिली.

ती एका स्टुडिओत आवाज द्यायला जायची. मुलांच्या गोष्टी वाचायची, जाहिराती बोलायची. मध्यंतरी आठवडाभर घसा पार बसवूनच घरी यायची. तेव्हा आजीने विचारलं होतं, "कुठली गं ही गोष्ट, इतकं बोंबलायला लावणारी?" "राक्षसाची," ती खरखरत म्हणाली होती आणि सगळे हसले होते. घसा काही पूर्ववत झाला नाही. गुळण्या मागे लागल्या त्या लागल्याच.

"मी दुकानात जाऊन स्वतः बघतो," चष्मेवाला शेवटी म्हणाला. "न बघता हो कसं म्हणू आणि नाही तरी कसं म्हणू?"

"बघा. पण हिला नेऊ नका."

शनिवारी तो निघाला तेव्हा मुंगी आधीच चपला घालून दारात उभी होती. बायको कामावर गेली होती. आजीने डोळा मिचकावला. नेलं त्याने.

दुकान पेट्यांनी ठासून भरलं होतं. मधोमध एक मोठा पडदा आणि समोर खुर्ची. दुकानदाराने त्याला बसवलं, हातात बटणांचा ठोकळा दिला, कानांवर हेडफोन चढवू लागला.

"सोपं आहे, काका. ती पुलावरची कंदीलवाली पहारेकरीण दिसली की आधी तिला उडवायचं, मग रस्ता मोकळा. सगळे तेच करतात."

मुंगीने बापाची बाही ओढली. "नका मारू, बाबा. थांबून राहिलं की ती आपणहून कंदील घेऊन निघून जाते."

"किती थांबायचं?"

"खूप. म्हणून तर कुणी थांबत नाही."

दुकानदार हसला. "थांबायचंच असेल तर बसथांब्यावर जा की, बाळा. खेळ कशाला हवा?"

हेडफोनमधून वारा ऐकू येऊ लागला. पूल आला. कंदील हलत हलत जवळ आला. चेहरा अंधारातच होता. चष्मेवाल्याने थांबायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण घामेजलेला अंगठा बटणावरून सरकला आणि बंदूक उडाली.

कंदील खाली पडला. बाई किंचाळली.

चष्मेवाला खुर्चीतच थिजला. ही किंकाळी त्याने पूर्वी ऐकली होती. कुठल्याशा बंद दाराबाहेर, फिनाइलच्या वासात, बाकावर, हातात थर्मास धरून तो बसला होता तेव्हा. कुठलं दार, कुठला बाक, काही आठवेना. पण अंगावर तोच काटा आला. खेळातली किंकाळी ती, बाहेर कुठून ऐकली असणार? त्याने हेडफोन काढून ठेवले.

आवाज फक्त त्याच्याच कानांत होता, तरी मुंगी शेजारी दोन्ही कान गच्च दाबून, डोळे मिटून उभी होती.

"घ्यायचा ना मग?" दुकानदाराने विचारलं.

"अगं, चुकून..." चष्मेवाला लेकीला म्हणाला. आपण हिची माफी का मागतोय, हेही त्याला कळेना.

मुंगीने डोळे उघडले.

"मैत्रिणीकडे पण सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. "म्हणून तर हा घरी न्यायचाय, बाबा. आपल्याकडे आईला कोणी मारणार नाही."